वाचकांचे प्रश्न : यंदा बर्फ कुणाकडे जास्त?

गेल्या अंकात अपस्टेट न्यूयॉर्कमधल्या (म्हणजे न्यूयॉर्क शहर सोडून राज्याच्या वरच्या भागातल्या) ‘गोल्डन स्नोबॉल’ या गमतीशीर चुरशीवर एक चौकट छापली होती. सिरॅक्यूज, बफेलो, रॉचेस्टर, बिंगहॅम्टन आणि ऑल्बनी ही पाच शहरं. हिवाळ्याच्या हंगामात ज्या शहरात सर्वांत जास्त इंच बर्फ पडेल, मान त्याचा. चौकट छोटी होती, पत्रं मात्र भरपूर आली. बरीचशी तिकडे मुलंबाळं असलेल्या आईवडिलांची, काही थेट तिथून आलेली, आणि दोन-तीन चक्क भांडणाच्या सुरातली. निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरं देत आहोत.

माझा भाचा बफेलोत शिकतो. टीव्हीवर बर्फात बुडालेल्या मोटारी दिसतात त्या कायम बफेलोच्याच. मग चौकटीत बहुतेक वर्षी सिरॅक्यूज जिंकतं असं कसं? भाचा हे मानायला तयार नाही. (औंध, पुणे)

भाच्याची बाजू अगदीच लंगडी नाही, पण आकडे सिरॅक्यूजच्या बाजूने आहेत. 1991 ते 2020 या तीस वर्षांची हंगामी सरासरी पाहिली तर सिरॅक्यूज 127.8 इंच, रॉचेस्टर 102, बफेलो 95.4 आणि ऑल्बनी 59.2. बिंगहॅम्टन बफेलोच्या थोडं खाली. म्हणजे सरासरीत बफेलो रॉचेस्टरच्याही मागे आहे!

कारण सरोवरांच्या खोलीत आहे. या भागातला बराचसा बर्फ ‘लेक इफेक्ट’चा. कॅनडाकडून येणारी कडाक्याची थंड हवा सरोवराच्या तुलनेने कोमट पाण्यावरून वाहते, खालून ऊब आणि बाष्प उचलते, वर चढते आणि पलीकडच्या काठावर बर्फ टाकते. अंदाज करणाऱ्यांचा ठोकताळा असा : पाण्याचा पृष्ठभाग आणि साधारण दीड किलोमीटर उंचीवरची हवा यांच्या तापमानात 13 अंश सेल्सिअसचा फरक असला की यंत्रणा चालू होते. पण त्यासाठी पाणी उघडं हवं. बफेलोच्या वाट्याचं ईरी सरोवर उथळ आहे, सरासरी खोली 19 मीटर. डिसेंबरपर्यंत ते जोरात असतं. जानेवारी-फेब्रुवारीत त्याच्यावर बर्फाचा थर धरला की बाष्पाचा पुरवठा तुटतो. सिरॅक्यूज आणि रॉचेस्टरच्या वाट्याचं ओंटारिओ सरोवर सरासरी 86 मीटर खोल. ते सहसा पूर्ण गोठत नाही, म्हणून मार्चपर्यंत दुकान उघडं.

शिवाय सिरॅक्यूजला वायव्येच्या वाऱ्याचा फायदा मिळतो. तो वारा आधी ह्यूरॉन सरोवराच्या जॉर्जियन उपसागरावरून ओलावा घेऊन येतो, मग ओंटारिओवर पुन्हा भर घालतो. रॉचेस्टर दक्षिण काठावर आहे. तिथे उत्तरेकडून वारा आला की सरोवर ओलांडायचं अंतर कमी पडतं, त्यामुळे एका जाड पट्ट्याऐवजी अनेक बारीक पट्टे येतात. पडतो रोज, पण थोडा थोडा.

बफेलोचं प्रकरण वेगळं. ईरी सरोवराची लांबी जवळजवळ 390 किलोमीटर आणि बफेलो त्याच्या टोकाला. वारा त्या लांबीला समांतर, म्हणजे पश्चिम-नैर्ऋत्येकडून वाहिला की सगळं बाष्प एका अरुंद पट्ट्यात गोळा होतं आणि तासाला दोन-तीन इंच बर्फ, कधी कधी विजांच्या कडकडाटासह. टीव्हीवर दिसतं ते हेच. बफेलो एका दिवसात मथळा होतो, सिरॅक्यूज पाच महिने गुपचूप बेरीज वाढवत राहतं.

स्पर्धा घेतं कोण? बक्षीस काय? (ठाणे)

1970च्या दशकाच्या अखेरीस तिथल्या राष्ट्रीय हवामान सेवेच्या कार्यालयांतल्या माणसांनी आपसात सुरू केलेली ही गंमत. मधली काही वर्षं बंद पडली, 2000 नंतर पुन्हा जोमाने सुरू झाली. ट्रॉफी आहे, पैसे नाहीत. आकडे सरकारी विमानतळ-नोंदींचे, हंगाम 1 जुलै ते 30 जून. उन्हाळ्याच्या मधोमध वर्ष बदललं की एक हिवाळा दोन वर्षांत तुटत नाही.

आम्ही रॉचेस्टरच्या पूर्वेकडच्या उपनगरात राहतो. डिसेंबरच्या एका वादळात आमच्या अंगणात 14 इंच भरला, विमानतळाची नोंद 9 इंच. आमच्या शहराचे पाच इंच कुणी खाल्ले? (रॉचेस्टर, न्यूयॉर्क)

कुणीच नाही. वीस किलोमीटरवर पाच इंचांचा फरक पडणं लेक इफेक्टमध्ये रोजचं आहे. बर्फाचा पट्टा कधी कधी जेमतेम दहा-पंधरा किलोमीटर रुंद असतो. पट्ट्यात उभ्या माणसाला समोरचा खांब दिसत नाही आणि दोन गावं पलीकडे ऊन पडलेलं असतं.

पण आधी एक तपासा : तुम्ही नवा पडलेला बर्फ मोजलात की जमिनीवर साचलेला? या दोन वेगळ्या नोंदी आहेत. आदल्या दिवशीचे पाच इंच खाली असतील तर पट्टी 14 दाखवेल. साचलेला बर्फ पूर्ण इंचात लिहितात, नवा बर्फ दहाव्या हिश्श्यापर्यंत. स्पर्धेत नवाच धरतात. विमानतळांवरची स्वयंचलित यंत्रं वारा, तापमान, दृश्यता सगळं टिपतात, पण पडलेल्या बर्फाचे इंच देत नाहीत. त्यासाठी अजूनही माणूस बाहेर जाऊन पांढऱ्या फळीवर पट्टी लावतो. तेव्हा खरं म्हणजे ही चुरस पाच शहरांची नसून पाच फळ्यांची आहे, आणि हे एकदा ध्यानात आलं की निम्मी भांडणं मिटतात.

फळी कुठे आहे याला फार महत्त्व. बिंगहॅम्टनचा विमानतळ शहराच्या उत्तरेला डोंगरमाथ्यावर, साधारण 490 मीटर उंचीवर आहे. शहर खाली नदीच्या खोऱ्यात, त्याच्या निम्म्या उंचीच्या आसपास. खाली पाऊस किंवा चिखल असताना वर बर्फ जमतो. विमानतळ गावात असता तर बिंगहॅम्टन या यादीत बरंच खाली गेलं असतं.

घरच्या घरी बरोबर मोजायचं तर काय करावं? मुलांना घेऊन हिवाळाभर नोंद ठेवायची आहे. साहित्य आणि कृती सविस्तर द्यावी. (एडिसन, न्यू जर्सी)

फळीपासून सुरुवात करा. 16 इंच बाय 16 इंच, अर्धा इंच जाडीचं प्लायवूड, वरून बाहेरच्या वापराचा पांढरा रंग दोन हात. रंग पांढराच, कारण गडद फळी उन्हाने तापते आणि पहिला अर्धा इंच गिळून टाकते. गवतावर थेट मोजू नका. पात्यांवर बर्फ अधांतरी राहतो आणि पट्टी खालपर्यंत घुसून आकडा फुगवते. डांबरी ड्राइव्हवे आणि लाकडी डेक दोन्ही बाद. पहिला गरम, दुसऱ्याला खालून वारा लागतो. फळी मोकळ्या अंगणात, घरापासून आणि झाडांपासून त्यांच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर, जमिनीला टेकवून सपाट ठेवा. शेजारी एक काठी रोवून वर रंगीत चिंधी बांधा. फूटभर बर्फानंतर फळी शोधायला तीच उपयोगी पडते. काठीशिवाय फळी हरवलेली घरं पुष्कळ.

पट्टीत सगळ्यात जास्त गफलत होते. हार्डवेअरच्या दुकानातली टेप इंचाचे सोळा भाग दाखवते, नोंदीला दहा भाग लागतात. इंजिनिअरिंगची दशांश पट्टी घ्या. नसेल तर सेंटिमीटरमध्ये मोजून 2.54 ने भागा. दुसरं, शाळेच्या पट्टीत शून्याची रेघ काठापासून थोडी आत असते. तो रिकामा काठ कापून टाका, नाहीतर प्रत्येक नोंद कमी येईल. टेपच्या टोकाचा धातूचा हूकही बर्फ दाबतो.

मोजायचं असं : पट्टी सरळ उभी धरून फळीला टेकेपर्यंत घाला, डोळा बर्फाच्या पृष्ठभागाच्या पातळीला आणून वाचा. चार ठिकाणी वाचा, सरासरी काढा. मग फळी पुसा आणि परत ठेवताना आजूबाजूच्या नव्या बर्फाच्या पृष्ठभागावर, त्याच्या बरोबरीने ठेवा. जुन्या खड्ड्यात ठेवली तर पुढचा वारा कडेचा बर्फ तिच्यावर लोटतो. रोज एकच वेळ ठरवा. सकाळी सात ठीक. मात्र बर्फ दुपारी थांबला आणि ऊन पडलं तर सातची वाट पाहू नका, थांबल्याबरोबर मोजा. सकाळी दोन इंच पडून वितळला आणि संध्याकाळी पुन्हा एक इंच पडला तर त्या दिवसाचे तीन. पडता पडता वितळतच राहिला, फळीवर काहीच धरलं नाही, तर ‘ट्रेस’, म्हणजे नाममात्र.

वारा जोराचा असेल तर फळी कधी उघडी पडते, कधी तिच्यावर ढीग बसतो. अशा वेळी अंगणात आठ-दहा जागी मोजा, ढीग आणि उघड्या जागा दोन्ही धरून सरासरी घ्या. इथे थोडा अंदाज चालतोच, त्याला इलाज नाही.

आता पाणी. इंच मोजून झाल्यावर त्यात पाणी किती हे मुलांना दाखवलंत तर खरी मजा. ‘कोकोराझ’ या पाऊस-बर्फ मोजणाऱ्या स्वयंसेवकांच्या जाळ्यात सगळे चार इंच व्यासाचं प्लॅस्टिकचं पर्जन्यमापक वापरतात. हिवाळ्यात त्याचं नरसाळं आणि आतली बारीक नळी घरात काढून ठेवायची. नळीत पाणी गोठलं की ती तडकते. बाहेरचं जाड नळकांडं तेवढं उघड्यावर. त्यात बर्फ साठला की घरात आणा. आतल्या नळीत कोमट पाणी मोजून घ्या, समजा 0.50 इंच, आणि नळकांड्यात ओता. उकळतं नको, प्लॅस्टिकला चीर जाते. वितळल्यावर नरसाळ्यातून पुन्हा नळीत ओतून मोजा. आलं 0.92, तर त्यातले 0.50 वजा, बर्फाचं पाणी 0.42 इंच. फळीवर 8.4 इंच असतील तर प्रमाण वीसास एक. लेक इफेक्टचा भुसभुशीत बर्फ असाच असतो. समुद्राकडून आलेल्या वादळाचा ओला बर्फ दहास एक किंवा त्याहूनही जड.

वाऱ्यात नळकांडं बर्फ कमी पकडतं. तेव्हा ते उलटं करून फळीवरच्या बर्फात दाबा, खालून पत्र्याचा तुकडा सरकवा, उचलून सुलटं करा आणि तोच बर्फ वितळवून मोजा.

मुलगा म्हणतो दर तासाला मोजून फळी पुसली तर बेरीज जास्त येते. मग सगळी शहरं तेच का करत नाहीत? (सिरॅक्यूज)

कारण ते नियमात बसत नाही. फळी सहा तासांत एकदाच पुसायची, म्हणजे दिवसात फार तर चार वेळा. ताजा बर्फ पिंजलेल्या कापसासारखा असतो, स्वतःच्याच वजनाने बसत जातो. समजा तासाला एक इंच याप्रमाणे सहा तास पडला. दर तासाला पुसलात तर बेरीज सहा. न पुसता सहा तासांनी मोजलात तर पट्टी सव्वापाच दाखवू शकते. बर्फ तोच, पाणी तेवढंच, आकडा वेगळा.

या एका मुद्द्यावर एक मोठा विक्रम हुकला आहे. ओंटारिओ सरोवराच्या पूर्वेला टग हिल नावाचं पठार आहे. तिथल्या माँटेग्यू गावात 11-12 जानेवारी 1997 रोजी 24 तासांत 77 इंच बर्फाची नोंद झाली. अमेरिकेचा तेव्हाचा विक्रम कोलोरॅडोतल्या सिल्व्हर लेकचा, एप्रिल 1921 मधला 75.8 इंचांचा. तज्ज्ञांची समिती बसली, तपासणी झाली आणि नोंद अमान्य ठरली. कारण 77 ही सहा मोजमापांची बेरीज होती, चारची नव्हे. निरीक्षकाने खोटेपणा केला असं कुणी म्हटलं नाही. नोंद फक्त जुन्या विक्रमाशी तोलता येत नव्हती. आमच्या मते निर्णय योग्यच होता, टग हिलवाल्यांना आजही तो पटत नसला तरी. त्यांचं एका अर्थी खरं आहे. याच पठारावरच्या हूकर या ठिकाणी 1976-77च्या हंगामात 466.9 इंच पडला, म्हणजे जवळपास बारा मीटर. पाच शहरांच्या चुरशीत या गावांना जागाच नाही.

नोव्हेंबर 2022 मध्ये बफेलोत 80 इंच पडला असं वाचलं होतं. त्या एका वादळातच बफेलो जिंकायला हवं होतं ना? (नाशिक)

80 इंच पडला तो ऑर्चर्ड पार्कमध्ये. बफेलोच्या दक्षिणेचं उपनगर ते, तिथल्या अमेरिकन फुटबॉल संघाचं मैदानही तिथेच. संघाचा सामना उचलून डेट्रॉइटला न्यावा लागला. नोव्हेंबर 2014 मध्येही तसंच झालं होतं. पण बफेलोची अधिकृत फळी ईशान्येला चीकटोवागाच्या विमानतळावर आहे आणि तिच्यावर त्या वादळात तीन फुटांच्या आसपासच भरला. वाऱ्याची दिशा दहा अंशांनी फिरली तर पट्टा मैदानावरून विमानतळावर येतो किंवा उलट. एवढ्याशा फरकावर चुरशीचा निकाल हलतो.

त्या हंगामात बफेलोच जिंकलं, 133.6 इंचांनी. त्यात मोठा वाटा डिसेंबरच्या अखेरीच्या हिमवादळाचा होता.

ऑल्बनीवर अन्याय होतो. सरोवरापासून इतकं लांब, कधी जिंकणार? सरासरीच्या तुलनेत किती पडला यावर निकाल लावावा. (ऑल्बनी)

मागणी रास्त आहे, गणितही सोपं. हंगामाची बेरीज भागिले स्वतःच्या शहराची सरासरी. प्रत्येक शहराचा विक्रमी हंगाम आजच्या सरासरीशी ताडून पाहू. ऑल्बनी, 1970-71 : 112.5 इंच, म्हणजे सरासरीच्या 190 टक्के. सिरॅक्यूज, 1992-93 : 192.1 इंच, 150 टक्के. रॉचेस्टर, 1959-60 : 161.7 इंच, साधारण 159 टक्के. बघा, ऑल्बनी दोघांच्या पुढे!

मात्र खुशी आवरा. बफेलो, 1976-77 : 199.4 इंच, 209 टक्के. या पद्धतीनेही पहिला नंबर तुमचा नाहीच.

ऑल्बनीचा बर्फ अटलांटिकच्या किनाऱ्याने वर चढणाऱ्या वादळांवर अवलंबून. वादळ थोडं समुद्राकडे सरकलं तर ऑल्बनी कोरडं, थोडं आत सरकलं तर पाऊस. म्हणून तिथे वर्षावर्षांत चढउतार मोठे. टक्क्यांची पद्धत आणलीत तर चढउतार असलेल्या शहरांची चैन होईल आणि नेमाने पडणारं सिरॅक्यूज मागे पडेल. तेही एक प्रकारे अन्यायाचंच.

सिरॅक्यूजने म्हणे बर्फावर बंदी घातली होती? (कोल्हापूर)

घातली होती, मार्च 1992 मध्ये. लांबलेल्या हिवाळ्याला वैतागून शहराच्या कौन्सिलने ठराव केला की 24 डिसेंबर 1992 पर्यंत शहरात आणखी बर्फ पडणं बेकायदा. दोनच दिवसांत बर्फ पडला. आणि पुढचाच हंगाम 192.1 इंचांचा, सिरॅक्यूजच्या इतिहासातला सर्वांत मोठा, त्यातले 42.9 इंच मार्च 1993 च्या एकाच वादळात.

मुलगी-जावई बफेलोत आहेत, या डिसेंबरात आम्ही तिकडे जाणार. किती इंचांचा अंदाज असला की घाबरायचं? (डोंबिवली)

इंचांकडे बघून ठरवू नका, वाऱ्याकडे बघा. तिथे ‘ब्लिझर्ड’ची व्याख्या बर्फाच्या जाडीवर नाहीच. ताशी 56 किलोमीटर किंवा अधिक वेगाचा वारा किंवा वारंवार तसे झोत, उडत्या बर्फामुळे 400 मीटरच्या पलीकडचं न दिसणं, आणि हे सलग तीन तास. जानेवारी 1977 च्या अखेरीस बफेलोला गाजलेलं हिमवादळ आलं तेव्हा नवा बर्फ जेमतेम फूटभर पडला. बाकीचा गोठलेल्या ईरी सरोवरावर आधीपासून साचलेला होता, तो वाऱ्याने उचलून शहरात आणून टाकला. फूटभराच्या नोंदीवर दुसऱ्या मजल्यापर्यंत ढीग. डिसेंबर 2022 मध्ये विमानतळावर ब्लिझर्डची स्थिती 37 तास टिकली, 51.9 इंच बर्फ पडला आणि ईरी काउंटीत (बफेलोच्या जिल्ह्यात) 47 माणसं गेली. त्यांतली बरीच घराबाहेर उघड्यावर, काही गाडीत अडकून, काही घरात वीज आणि ऊब नसताना.

म्हणून ‘ब्लिझर्ड वॉर्निंग’ दिसली की जावयांना सांगा, गाडी काढू नका. दुकानातलं सामान आदल्या दिवशीच आणा, तुमच्या औषधांसकट. अडकलातच तर गाडी सोडून चालत निघू नका. इंजिन तासाला दहा मिनिटंच चालवा, आणि त्याआधी मागचा धुराचा पाइप फावड्याने मोकळा करा, कारण बर्फाने बुजलेल्या पाइपातून कार्बन मोनॉक्साइड गाडीत येतो. त्याला वास नसतो. घर गरम ठेवणाऱ्या गॅसच्या भट्टीचा धूर बाहेर सोडणारी नळी बाजूच्या भिंतीतून, जमिनीपासून फार वर नसलेली असते. वादळात ती बुजली की तेच संकट. कार्बन मोनॉक्साइडची घंटा आहे ना आणि तिची बॅटरी चालते ना, हे पोहोचल्या दिवशीच विचारा. जावई संकोचतील, पण विचारा.

छपरावर किती बर्फ चालतो? (टोरांटो)

इंच नाही, पाणी मोजा. एक मिलिमीटर पाणी म्हणजे दर चौरस मीटरला एक किलो. फूटभर हलका, वीसास एक प्रमाणाचा बर्फ : 15 मिलिमीटर पाणी, 15 किलो. तोच फूटभर ओला, आठास एक : 38 किलो. शंभर चौरस मीटरच्या छपरावर दीड टन विरुद्ध 3.8 टन. साचलेल्या बर्फावर पाऊस पडला तर पाणी आतच शोषलं जातं, उंची कमी होते आणि वजन वाढतं. हीच घडी सर्वांत धोक्याची. दारं अचानक घट्ट बसू लागणं, छताला नव्या भेगा, कडकड आवाज, यांतलं काही दिसलं तर बाहेर पडा आणि मग कुणाला तरी बोलवा. बर्फ ओढायचा तर लांब दांड्याच्या रूफ रेकने, जमिनीवर उभं राहून, दोन्ही बाजूंनी सारखा. शिडी नको. विजेची तार कुठून जाते ते आधी पाहा. ॲल्युमिनियमचा दांडा तारेला लागला तर बर्फाची चिंता उरणार नाही.

जगात सर्वांत जास्त बर्फाचं शहर सिरॅक्यूजच का? (छत्रपती संभाजीनगर)

अमेरिकेतल्या लाखाच्या वरच्या शहरांत तो मान सहसा सिरॅक्यूजला देतात. जपानपुढे त्याची मात्रा चालत नाही. आओमोरी या पावणेतीन लाखांच्या आसपास वस्तीच्या शहराची सरासरी 567 सेंटिमीटर, म्हणजे 223 इंच; वीस लाखांच्या जवळपासच्या सापोरोची 479 सेंटिमीटर. सिरॅक्यूज 325 सेंटिमीटरवर. तत्त्व तेच : सैबेरियाची थंड हवा आणि खाली न गोठणारा जपानचा समुद्र. जपानी हवामान खातं तासातासाच्या वाढीची बेरीज करतं, अमेरिकेत सहा तासांची फळी, त्यामुळे दशांशापर्यंत तुलना करू नये. पण 223 आणि 128 मध्ये पद्धतीचा वाद घालायला कुणी धजावणार नाही.

आपल्याकडे अशी चुरस का नाही? (सातारा)

सातारकरांनी हे विचारावं! चेरापुंजी आणि मौसिनराम यांच्यात ही चुरस कित्येक वर्षं चालू आहे, आणि महाबळेश्वर-आंबोलीचा दरवर्षीचा वाद तुम्हाला सांगायला नको. पाऊस मोजणं मात्र सोपं : मापकात जमलेलं पाणी बसत नाही, दबत नाही, म्हणून सकाळी साडेआठला एकदा मोजलं तरी भागतं. 23 जुलै 2021 च्या सकाळी महाबळेश्वरला 24 तासांचे 594.4 मिलिमीटर नोंदले गेले, त्यात फळी किती वेळा पुसली हा प्रश्न कुणी विचारला नाही. जागेचा फरक मात्र इकडेही तसाच. महाबळेश्वरहून पाचगणी वीस किलोमीटरवर, पण पाऊस जेमतेम तिसरा हिस्सा. ऑर्चर्ड पार्क आणि चीकटोवागाचं गणित तुम्ही घाटात रोज पाहता.

नुसती भुरभुर झाली, फळी पांढरी दिसली पण पट्टीवर काही येईना. काय लिहायचं? आणि गारा? (एडिसन, न्यू जर्सी, पुन्हा)

0.1 इंचाच्या खाली असेल तर ‘ट्रेस’, वहीत टी. बेरजेत तो शून्य. दहा दिवस रोज ट्रेस आला तरी दहाव्या दिवशी तो 0.1 होत नाही, ट्रेसच राहतो. हिवाळ्यात थेंब खाली येताना गोठून बर्फाचे टणक दाणे पडतात, ते नव्या बर्फात धरा. गडगडाटी पावसातल्या गारा धरू नका. जमिनीवर पडल्यावर गोठणारा पाऊस हाही बर्फ नाही. तो मापकात पाणी म्हणूनच मोजायचा.

आणि वही एप्रिलमध्ये मिटू नका. मे 1989 मध्ये बफेलो-रॉचेस्टर पट्ट्यात चांगला मोजण्याइतका बर्फ पडला होता. हंगाम 30 जूनला संपतो.